संसदेनं ठरवलं म्हणून खरं? : एकाच वर्षातले दोन ब्रिटिश कायदे

थेम्सकाठी

25 एप्रिल 2024 ला ब्रिटनमध्ये एका कायद्यावर राजाची मोहोर उमटली. आश्रय मागणाऱ्यांना रवांडात पाठवता यावं म्हणून केलेल्या त्या कायद्याचं म्हणणं असं होतं, की रवांडा हा सुरक्षित देश आहे आणि मंत्री, अधिकारी, न्यायाधीश या सगळ्यांनी तो तसा आहे असं निर्णायकपणे मानायचं. गंमत म्हणजे जेमतेम पाच महिने आधी, 15 नोव्हेंबर 2023 ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी पुरावे तपासून एकमतानं सांगितलं होतं, की ब्रिटननं रवांडात पाठवलेले आश्रयार्थी तिथून पुन्हा त्यांच्या मूळ देशात, म्हणजे ज्या छळातून पळाले त्याच छळाच्या तोंडी, ढकलले जाण्याचा खरा धोका आहे.

त्यानंतर महिन्याभरातच, 24 मे ला, दुसरा कायदा. पोस्ट ऑफिसच्या होरायझन नावाच्या संगणकप्रणालीत चुका होत्या, खात्यात नसलेली तूट दिसायची, आणि त्या तुटीपायी शेकडो उपपोस्टमास्तर चोर ठरले. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर गेलं, काहींनी जीव दिला. संसदेनं 1996 ते 2018 या काळातल्या अशा शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. कुणी अपील करायचं नाही, कुठली सुनावणी नाही. कायदा लागू झाला आणि माणसं निर्दोष झाली.

पहिला कायदा झाला तेव्हा मी फेसबुकवर तावातावानं लिहिलं होतं, की संसद न्यायालयाच्या कामात नाक खुपसते आहे. दुसऱ्याला टाळ्या वाजवल्या. पण तर्कानं पाहिलं तर दोन्हीकडे संसदेनं एकच गोष्ट केली: न्यायालयानं ठरवलेलं कायदा करून उलटवलं. मग यातला एक कायदा वाईट आणि दुसरा चांगला, हे कुठल्या तत्त्वावर म्हणायचं? "मला निकाल आवडला" हे तत्त्व झालं नाही. आणि आपल्यासारखं लिखित संविधान असतं तर यातलं काय टिकलं असतं?

सदाशिवपेठी

"सगळ्यांनी निर्णायकपणे मानायचं" हे वाक्य कृपया आमच्या सोसायटीच्या चेअरमनना दाखवू नका. पुढच्या सभेत लिफ्ट चालू असल्याचा ठराव येईल.

अबोली

बादवे, पहिल्या धाग्यातच डोकं गरगरलं. वाचनखूण साठवली आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

खडूस_वकील

आलो.

आधी पाया. ब्रिटनमध्ये संसदेच्या वर कोणी नाही. 1885 मध्ये कायदेपंडित डायसीनं ते सूत्र मांडलं: संसद कुठलाही कायदा करू किंवा मोडू शकते, आणि तिचा कायदा बाजूला सारायचा अधिकार कुणालाही नाही. आयव्हर जेनिंग्ज तर म्हणायचे, की पॅरिसच्या रस्त्यावर सिगारेट ओढणं हा गुन्हा आहे असा कायदाही ब्रिटिश संसद करू शकते. फ्रेंच पोलीस हसतील, पण ब्रिटिश न्यायालयाला तो कायदा मानावाच लागेल. रवांडा कायदा हा त्याच जातीचा. संसदेला रवांडातली परिस्थिती बदलता येत नाही, ब्रिटिश न्यायाधीशानं तिच्याकडे पाहायचं की नाही एवढंच तिच्या हातात आहे.

मग मानवाधिकारांचं काय? 1998 चा मानवाधिकार कायदा न्यायालयाला फक्त एवढं म्हणू देतो, की अमुक कायदा युरोपीय मानवाधिकार कराराशी विसंगत आहे. कायदा रद्द होत नाही. पुढे काय करायचं ते संसद बघेल. डिसेंबर 2004 मध्ये परदेशी संशयितांना खटल्याविना बेलमार्श तुरुंगात डांबण्याविरुद्ध लॉर्ड्सच्या (तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं काम तिथेच चालायचं) नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी असा निर्वाळा दिला, आणि सरकारनं पुढच्या वर्षी ती तरतूद बदलली. उलट कैद्यांच्या मतदानावरची सरसकट बंदी कराराविरुद्ध आहे असं स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं 2005 मध्ये सांगितलं, त्यावर लंडननं वर्षानुवर्षं चालढकल केली. रवांडा विधेयक मांडताना तर मंत्र्यानंच विधेयकावर लिहून दिलं, की हे करारातल्या हक्कांशी सुसंगत आहे असं मी म्हणू शकत नाही. तेही कायदेशीरच. 1998 च्या कायद्यात त्याची सोय आहे.

न्यायालयाचा निकाल संसदेनं उलटवणं यातही नवं काही नाही. 1942 मध्ये जपानी सैन्य रंगूनवर चालून आलं तेव्हा ब्रिटिशांनी स्वतःच बर्मा ऑइल कंपनीचे तेलसाठे आणि कारखाने उडवले. कंपनीनं भरपाई मागितली आणि 1964 मध्ये लॉर्ड्समध्ये खटला जिंकली. सरकारनं पुढच्याच वर्षी पूर्वलक्षी कायदा आणून तो हक्कच पुसून टाकला.

नाना_खोपोली

माझा विरोधी सूर नोंदवतो. रवांडा धोरण मला पटत नाही, तो मुद्दा वेगळा. पण पाच न्यायाधीश, ज्यांना कुणी मत दिलं नाही, त्यांनी परराष्ट्र आणि स्थलांतर धोरण ठरवायचं का? शिवाय थेम्सकाठींनी एक गोष्ट सांगितलीच नाही. निकालानंतर, डिसेंबर 2023 मध्ये, ब्रिटननं रवांडाशी नवा करार केला, त्यात माणसांना ब्रिटनशिवाय दुसऱ्या कुठल्याही देशात पाठवणार नाही असं रवांडानं मान्य केलं. म्हणजे न्यायालयानं ज्या पुराव्यावर निकाल दिला ती परिस्थिती बदलली होती. संसदेनं तेवढंच म्हटलं.

खडूस_वकील

@नाना, करार झाला हे खरं. पण कागदावरचं वचन आणि जमिनीवरचा बदल यातलं अंतर तपासणं हेच तर न्यायालयाचं काम होतं. लॉर्ड्सनी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहानं, साधी दुरुस्ती सुचवली होती: करार प्रत्यक्षात अमलात आल्याचं देखरेख समितीनं सांगितलं की मग रवांडाला सुरक्षित माना. खालच्या सभागृहानं, म्हणजे कॉमन्सनं, ती पुन्हा पुन्हा फेटाळली. परिस्थिती खरंच बदलली होती तर तपासाला का घाबरायचं?

आणि जे झालं त्याचा हिशेबही बघा. जुलै 2024 मध्ये सत्तांतर झालं, नव्या सरकारनं योजना गुंडाळली. तोवर 70 कोटी पौंड खर्च झाल्याचं नव्या गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. रवांडात गेले चौघे, तेही स्वखुशीनं.

सदाशिवपेठी

माणशी साडेसतरा कोटी पौंड. तेवढ्यात रवांडात चौघांना एकेक गाव वसवून दिलं असतं.

अबोली

बाळबोध शंका. न्यायालय संसदेच्या वर नाही म्हणता, मग 2019 मध्ये बोरिस जॉन्सनला दणका कसा दिला? कोळी-किड्याचा ब्रोच लावलेल्या त्या बाई आठवतात.

थेम्सकाठी

त्या लेडी हेल, सर्वोच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या अध्यक्षा. 24 सप्टेंबर 2019. अकरा न्यायमूर्ती, निकाल एकमतानं. पण तिथे न्यायालयानं संसदेचा कायदा मोडला नव्हता, संसदेला वाचवलं होतं. ब्रेक्झिटच्या ऐन तोंडावर जॉन्सननी राणीला सल्ला देऊन संसद पाच आठवड्यांसाठी स्थगित केली. न्यायालय म्हणालं, संसदेला तिचं काम करण्यापासून सबळ कारणाविना रोखणं सरकारच्या अधिकारात नाही, म्हणून स्थगितीचा आदेश म्हणजे कोरा कागद. संसद दुसऱ्या दिवशी भरली.

नाना_खोपोली

आणि बऱ्याच कायदेपंडितांना तो निकाल पटलेला नाही हेही सांगा. लंडनच्या उच्च न्यायालयानं आधी "हा राजकीय विषय, आमचा नाही" म्हणून हात झटकले होते, त्यात काय चूक होतं? 2022 मध्ये संसदेनं निवडणुकीसाठी संसद विसर्जित करण्याचा जुना राजाधिकार परत आणला, तेव्हा त्याच कायद्यात लिहून टाकलं, की विसर्जनाच्या निर्णयाबद्दल न्यायालयानं प्रश्नच विचारायचा नाही. म्हणजे संसदेनंच उत्तर दिलं.

एडिंबरोकर

नाना, एडिंबरोच्या न्यायालयानं मात्र स्थगिती बेकायदा ठरवली होती, लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आधी. श्रेय आमचं. _/\_

बिट्स_नि_बाइट्स

होरायझनवर आयटीवाल्याचे दोन पैसे. सगळे संसद-न्यायालय खेळताहेत, पण मुळात एवढे लोक दोषी ठरले कसे हे कुणी विचारत नाहीये. इंग्लंडमध्ये 1984 च्या एका कायद्यात तरतूद होती, की संगणकाचा पुरावा द्यायचा तर संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागेल. कटकट वाटली म्हणून 1999 मध्ये संसदेनंच ती काढली. त्यानंतर न्यायालयं धरून चालली, की संगणक बरोबरच असतो, चूक दाखवायची तर आरोपीनं दाखवावी. गल्लीतल्या दुकानात टपालाचा काउंटर चालवणाऱ्या माणसानं फुजित्सूच्या प्रणालीतला बग शोधायचा! त्याच्या हातात ना लॉग, ना कोड. आणि बहुतेक खटले पोलिसांनी नाही, पोस्ट ऑफिसनं स्वतः खासगी फिर्यादी म्हणून चालवले. प्रणाली ज्याची, फिर्यादही त्याचीच.

आपल्याकडे निदान पुरावा कायद्यातलं 65 ब चं प्रमाणपत्र आहे (आता 2023 च्या साक्ष्य अधिनियमात कलम 63). त्याचीही कोर्टात खानापूर्ती होते ते सोडा.

मृद्गंध

बिट्स, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका प्लीज.

कृष्णाकाठ

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग: आपल्यासारखं संविधान असतं तर?

आपल्याकडे हे घडून गेलंय. 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. ऑगस्टमध्ये, आणीबाणी चालू असताना, 39 वी घटनादुरुस्ती आली. तिच्यात सरळ म्हटलं होतं, की तो निकाल शून्यवत आणि ही निवडणूक वैध. घटनेतच लिहिल्यावर न्यायालय काय करणार? तर 7 नोव्हेंबर 1975 ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. 1973 च्या केशवानंद भारती निकालातून आलेला मूलभूत चौकटीचा सिद्धांत (घटनेचा गाभा घटनादुरुस्तीनंही बदलता येत नाही) तिथे पहिल्यांदा कामाला आला. त्या पीठावर आपले यशवंतराव चंद्रचूड होते. केशवानंदमध्ये ते सात विरुद्ध सहाच्या अल्पमतात होते, मूलभूत चौकट त्यांना मान्य नव्हती. इथे मात्र बहुमताचा निकाल शिरोधार्य मानून त्यांनी ते कलम उडवलं.

पण पूर्ण गोष्ट सांगायची तर इंदिराबाई तरीही जिंकल्या. कारण संसदेनं निवडणूक कायदाही पूर्वलक्षी बदलला होता, ज्या गोष्टींमुळे त्या दोषी ठरल्या त्या आता दोष राहिल्याच नव्हत्या. तो बदल न्यायालयानं मान्य केला. थोडक्यात आपल्याकडचा नियम असा: निकाल चुकला असं विधिमंडळानं म्हणायचं नाही, निकालाखालचा कायदा मात्र बदलता येतो.

या कसोटीवर रवांडा नापास. आणि मला वाटतं होरायझनही नापास.

थेम्सकाठी

होरायझनही?! म्हणजे त्या लोकांनी एकेक करून अपील करत बसायचं? नऊशेच्या वर माणसं, बरीच सत्तरीपुढची. काही तर गेलीही. पुन्हा कोर्टाचं तोंड बघायला अनेक जण तयार नव्हते.

कृष्णाकाठ

कसोटी सांगितली, आवडते असं कुठे म्हटलं.

प्रतिभा_का

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मीरा_लेस्टर

अवांतर, पण कुणाला उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारे भारतीय नागरिक तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतात, राष्ट्रकुलातले म्हणून. मी 2024 मध्ये भारतीय पासपोर्ट दाखवून मत दिलं. 2022 च्या कायद्यानंतर फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यात राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट चालतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तिकडे राणी गेली म्हणून आता तुम्हाला विचारायला लागले वाटतं.

सदाशिवपेठी

दीडशे वर्षं त्यांनी आपलं सरकार ठरवलं, आता मीराताई त्यांचं ठरवतात. हिशोब चुकता.

एडिंबरोकर

मीराताई, मत देता ते ठीक, पण त्याचं काय होतं बघा. 2024 मध्ये लेबरला जवळपास 34 टक्के मतं पडली आणि 650 पैकी 411 जागा मिळाल्या. हे नानांसाठी: "लोकांनी निवडलेली संसद" म्हणता, पण प्रत्यक्षात कॉमन्समध्ये बहुमत असलेलं सरकार म्हणेल ते होतं. लॉर्ड हेल्शम हुजूर पक्षाचे बडे नेते, त्यांनीच 1976 मध्ये या व्यवस्थेला निवडून आलेली हुकूमशाही म्हटलं होतं. लॉर्ड्स साधं विधेयक जेमतेम एक वर्ष अडवू शकतात. सरकारनं जाहीरनाम्यात दिलेल्या वचनाला तर 1945 पासूनच्या संकेतानुसार ते विरोधच करत नाहीत.

आणि संकेत! ब्रिटनचं अर्धं संविधान संकेतांवर चालतं. स्कॉटलंडच्या अखत्यारीतल्या विषयावर लंडननं "सामान्यतः" आमच्या संमतीशिवाय कायदा करू नये असा एक संकेत आहे. 2016 मध्ये तो कायद्यात लिहिला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लिहिला असला तरी तो राजकीय संकेतच, आम्ही अंमल करवू शकत नाही. ब्रेक्झिटच्या माघारीच्या कायद्याला एडिंबरोनं संमती नाकारली, लंडननं तरीही तो केला.

नाना_खोपोली

स्कॉटलंडला वेगळं व्हायचं म्हणून सगळंच अन्याय दिसतं. 34 टक्क्यांचा मुद्दा मात्र मान्य. पण त्याला उपाय निवडणूक पद्धत बदलणं आहे, न्यायाधीशांना राजा करणं नव्हे.

मृद्गंध

कुणीच बाबासाहेबांचा उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटतं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांच्यावर टीका होती, की मसुद्यात प्रशासनाचे इतके बारीक तपशील कशाला? त्यांनी उत्तर दिलं, की घटनात्मक नीती लोकांत मुरलेली असेल तरच असे तपशील विधिमंडळावर सोडता येतात. ती उपजत नसते, जोपासावी लागते, आणि आपल्याकडे ती अजून मुरलेली नाही. हे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये शिकून आलेले, ब्रिटिश पद्धत आतून पाहिलेले गृहस्थ म्हणत होते. ब्रिटनमध्ये ही नीती मुरलेली आहे हे तेव्हा गृहीत होतं. आज लंडनमध्ये वाद चाललाय तो नेमका यावर, की ती अजून शिल्लक आहे का.

अवांतर: त्यांचं प्रिमरोझ हिलजवळचं किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये घेतलं. संग्रहालय म्हणून वापरायला कॅम्डेन कौन्सिलनं परवानगी नाकारली होती. प्रकरण अपिलात मंत्र्यांपर्यंत गेलं आणि मार्च 2020 मध्ये परवानगी मिळाली. तिथेही वरच्यानं खालच्याचा निर्णय फिरवलाच, पण आधी निरीक्षकासमोर दोन्ही बाजूंची सुनावणी झाली आणि कारणं लेखी दिली.

खडूस_वकील

मृद्गंध, उत्तम. आणि हा वाद आता आणखी पेटेल. ऑक्टोबर 2025 मध्ये हुजूर पक्षानं जाहीर केलं, की सत्तेत आलो तर युरोपीय मानवाधिकार करारातूनच बाहेर पडू. रिफॉर्म पक्ष हे आधीपासून म्हणतोय. पडता येईल का? संसद सार्वभौम असल्यामुळे, हो. पण उत्तर आयर्लंडमधला संघर्ष थांबवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे करारात उत्तर आयर्लंडच्या लोकांना या मानवाधिकारांची हमी दिलेली आहे, तिथे काय करणार याचं उत्तर बेलफास्टला द्यावं लागेल. आणि एखाद्या संसदेनं उद्या न्यायालयीन तपासणीच रद्द करायचा घाट घातला तर? 2005 च्या शिकारबंदीच्या खटल्यात न्यायमूर्ती लॉर्ड स्टेन यांनी जाता जाता लिहून ठेवलंय, की तशी वेळ आली तर संसदेचं सार्वभौमत्वही पुन्हा तपासावं लागेल. ते मत आहे, निकाल नव्हे. कधी वापरलं गेलेलं नाही.

थेम्सकाठी

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर परत येतो. मला एक फरक सुचतोय. रवांडा कायद्यानं सरकारचा हात माणसाच्या मानेवर ठेवला, पोस्टाच्या कायद्यानं तो काढला. व्यक्तीच्या बाजूनं निकाल उलटवणं चालेल, विरुद्ध नाही. कसं वाटतं?

कृष्णाकाठ

इंदिराबाईंच्या मानेवरचाही काढलाच होता.

थेम्सकाठी

:D बरं. मग दुसरा प्रयत्न. होरायझन सदोष आहे हे संसदेनं मनानं ठरवलं नाही. 2019 मध्ये उच्च न्यायालयानं पुरावे पाहून ते म्हटलं. 2021 मध्ये अपील न्यायालयानं 39 जणांच्या शिक्षा रद्द करताना त्याचाच आधार घेतला. संसदेनं तोच निष्कर्ष उरलेल्यांना लावला. रवांडात मात्र न्यायालयानं शोधलेल्या वस्तुस्थितीच्या बरोबर उलट लिहिलं. एका ठिकाणी संसद न्यायालयाच्या मागे चालली, दुसऱ्या ठिकाणी समोरून अंगावर आली.

नाना_खोपोली

हे पटलं. पण त्या नऊशेत एखादा खराच चोर असेल तर?

बिट्स_नि_बाइट्स

असेलही, सरकारनंही ते गृहीत धरलं होतं. म्हणून तर 6 लाख पौंडांची ठरावीक भरपाई घ्यायची तर "मी गुन्हा केलेला नाही" असं सही करून द्यावं लागतं. शंभर निरपराध अडकवून ठेवण्यापेक्षा एखादा सुटलेला परवडला.

खडूस_वकील

थेम्सकाठी, तुमची दुसरी कसोटी बरीच बरी आहे. पण तिची किंमत कुणी मोजली ते पाहा. न्यायालयाचा मान राखायचा म्हणून, ज्यांच्या शिक्षेचा विचार अपील न्यायालयानं आधीच केला होता त्यांना या कायद्यातून वगळलं. म्हणजे ज्यांनी हिंमत करून आधी अपील केलं आणि हरले, ते दोषीच राहिले. जे गप्प बसले ते सुटले. तुमचं तत्त्व पाळलं गेलं ते असं.

थेम्सकाठी

हा भाग माहीत नव्हता. तुमच्या मते त्यांनाही घ्यायला हवं होतं?

खडूस_वकील

माणूस म्हणून हो. वकील म्हणून विचाराल तर मी बाहेर गेलोय.

एडिंबरोकर

एक तिरकस मुद्दा टाकतो. तो कायदा इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंडपुरता होता. स्कॉटलंडनं काही आठवड्यांनी स्वतःचा वेगळा केला, कारण इथले खटले पोस्ट ऑफिस नाही, सरकारी वकील चालवतात. आता गंमत: एडिंबरोची संसद सार्वभौम नाही. तिचा कायदा मानवाधिकार कराराशी विसंगत निघाला तर न्यायालय तो सरळ रद्द करतं. म्हणजे कृष्णाकाठांना हवी तशी भारतीय धर्तीची तपासणी त्याच मजकुराची, त्याच वर्षी, ब्रिटनमध्येच होऊ शकली असती.

कृष्णाकाठ

मग झाली का? निर्दोष ठरलेला माणूस तर कोर्टात जाणार नाही.

एडिंबरोकर

त्याची गरज नाही. लंडनच्या कायदा अधिकाऱ्याला चार आठवड्यांत आमचं विधेयक सर्वोच्च न्यायालयात नेता येतं. मुलांच्या हक्कांचं विधेयक 2021 मध्ये असंच नेलं आणि अडकवलं. हे मात्र कुणी नेलं नाही. कुठल्या तोंडानं नेणार? त्यांनी स्वतः नुकताच तसाच कायदा केला होता.